पुढचं डावं चाक

५ ऑक्टोबर, रविवार
गर्दी चांगली. लोकांची दसऱ्याची सुट्टी अजून उतरलेली नाही. दुपारपासून अंधार पडेपर्यंत गाडीवरून उतरायला मिळालं नाही. समुद्र लांब गेला होता, वाळू घट्ट. चार जाड चाकांची ही एटीव्ही अशा दिवशी हातात नसल्यासारखी चालते.

पण परतताना, खडकाळ पट्ट्यावर, पुढून डावीकडून आवाज. टक्. मग गप्प. परत टक्. हँडल सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढ घेते.

घरी डिंडोलीला पोचल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, वाळू अडकली असेल. यांच्या कानांची तऱ्हा वेगळीच. इतकी वर्षं लूमच्या खात्यात काढली, आता टीव्ही आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लावतात. आवाज कसा होता ते यांना तोंडाने करून दाखवलं. हसले नुसते.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मस्कतहून निलेशचा फोन. तिकडे एसी दुरुस्तीचं काम वाढलंय, जेवायला उशीर होतो म्हणाला. बापाला दिला. नेहमीचंच: कसा आहेस, बरा आहे, पप्पा तुम्ही? बरा आहे, घे, आईशी बोल. फोन परत माझ्या हातात.

दोन वर्षं झाली, तो गेल्यापासून असंच. यांनी शब्द टाकून आपल्याच पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लावलं होतं नि.ला, बॉयलरच्या बाजूला. ते सोडून त्याने ही जुनी एटीव्ही घेतली आणि डुमसच्या किनाऱ्यावर लोकांना फिरवायला लागला. हे महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग तो मस्कतला गेला. गाडी तिथे भजी विकणाऱ्या रमिलाबेनच्या परसात ताडपत्रीखाली पडली होती. खारी हवा. गंजून जाईल म्हणून मी आधी नुसती चालू करून ठेवायला जात होते, नंतर पुढे-मागे करून बघितली, नंतर... आता तिथले सगळे मला मासी म्हणतात. बायकांना मीच लागते. आणि साडीवर स्टोन चिकटवायचं काम मी केव्हा सोडलं ते माझं मलाच आठवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज वाईट होता होता राहिलं.

एक बाई आणि तिची मुलगी, शाळेत जाणारी. मुलगी पुढे, मी मधे, बाई मागे. मुलीला हँडलला हात लावायचा होता, लावू दिला, माझे हात वरून होतेच. वेग फार नव्हता. वळण घेताना डावं चाक एकदम आत दुमडल्यासारखं झालं आणि हँडल हातातून निसटलं. निसटलं म्हणजे जोरात फिरलं. अंगठा अजून दुखतोय. मी मुलीला छातीशी दाबलं आणि ब्रेक. गाडी तिरकी होऊन थांबली, पडली नाही. मुलीला वाटलं मी मुद्दाम केलं, ती परत कर म्हणाली. बाईला कळलं होतं. मुलीचा हात धरून निघून गेली. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

गाडी एकटीने हळूहळू रमिलाबेनकडे आणली. ती टोमॅटोची भजी तळत होती. माझ्याकडे बघून झारा खाली ठेवला आणि म्हणाली, बेसी जा. बसले.

घरी यांना सगळं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे शेजारच्या वहिनींनाही कळलंच. हे जेवता जेवता थांबले. उद्या अर्धी रजा टाकतो एवढंच म्हणाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
हे पिशवीभर पाने-पक्कड घेऊन मिलमधूनच सरळ डुमसला आले. दोन बस बदलून. गाडी घेतल्यापासून आज पहिल्यांदा तिच्याजवळ आले असतील.

जॅकखाली फळी टाकली, पुढची बाजू उचलली. डावं चाक वरून आणि खालून धरलं, एका हाताने ढकललं, एकाने ओढलं. चाक हललं. म्हणजे जे हलायला नको ते. परत केलं. परत. मला वाटलं तपासतायत, पण ते उगीचच करत होते, जणू पुढच्या वेळेला हलणार नाही.

मग मला दाखवलं. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, त्याच्या टोकाला खोबणीत एक गोळा फिरतो, खांद्यात हाड फिरतं तसा. बॉल जॉइंट. त्यावरचं रबर फाटलं होतं, आत वाळू आणि खारं पाणी. गोळा झिजलाय. आणखी थोडं चालवलं असतं तर खोबणीतून बाहेर आला असता आणि चाक गाडीखाली गेलं असतं.

हे उठले, हात पुसले. म्हणाले, "इकी टाकूत हाई गाडी."

मी म्हटलं, विकायची का, दुरुस्त होते ना. म्हणाले, दुरुस्त होते, पण तिथल्या पाण्याने परत होईल. मी म्हटलं, मग परत दुरुस्त करू. वाद घालायचा होता मला, पण हे म्हणाले, "तुले काही व्हई जातं तं?" आणि पाने पिशवीत भरायला लागले. पाने भरायला किती वेळ लागावा. माझ्याकडे बघत नव्हते.

बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. पर्वत पाटियाला बस बदलताना हात धरला. रस्त्यात कधी धरत नाहीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
नि.ला फोन केला. घाबरेल म्हणून हलकं करून सांगितलं, तरी ओळखलं त्याने. आधी माझा अंगठा बघितला व्हिडिओवर, मग गाडीचं विचारलं. म्हणाला, एक बदलून चालणार नाही, डावीकडचे वर-खालचे आणि उजवीकडचे पण, सगळेच बदल. उधन्याला कुठल्या दुकानात मिळतात तेही सांगितलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. विकायची गोष्ट परत काढली नाही यांनी. म्हणाले, नवे कशाला, डाव्याला वेल्डिंगचा टाका मारतो, हलणार नाही. मी नि.ला तसं कळवलं. त्याने लगेच उलटा निरोप पाठवला: आई, पप्पांना सांग वेल्डिंग नको, आत प्लास्टिकचं अस्तर असतं, वितळेल. हे म्हणाले, हो, असेल अस्तर.

एका घरातली दोन माणसं आणि मी मधली टपालवाली.

१५ ऑक्टोबर
जॉइंट आणले. अंगठा बरा. दिवाळीच्या फराळाचं अजून काहीच नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
मिलला दिवाळीची सुट्टी लागली. आमच्या गल्लीतले निम्मे लोक बोचकी बांधून गावाला. धुळे, अमळनेर, नंदुरबार, सगळ्या गाड्या भरलेल्या. आम्ही यंदा नाही जात. दिवाळीच्या आठवड्यात डुमसला जेवढी माणसं येतात तेवढी वर्षभरात येत नाहीत. तोवर गाडी उभी राहायला हवी.

दिवसभर रमिलाबेनच्या परसात. मी फोन धरलेला, नि. व्हिडिओवर. त्याला दुपारपासून सुट्टी होती. तो सांगायचा, यांना ऐकू जायचं नाही, मी ओरडून सांगायची, हे भलतंच ऐकायचे. तो म्हणाला ब्रेकचा भाग पाइपवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. यांनी ऐकलं, वारा येतोय. रमिलाबेन हसून हसून भज्यांचं पीठ ढवळायचं विसरली.

चाक काढलं. नटमधली पिन गंजून मोडली होती, मागच्या बाजूला. यांची बोटं जाडी, आत जाईनात. माझा हात गेला. चिमट्याने तुकडा ओढून काढला. नि. तिकडून म्हणाला, शाबास. बापाने पण मान हलवली. दोघांनी एकाच वेळेला.

उजवीकडचे दोन्ही सहज निघाले. नवे बसवले, गोल क्लिप खाचेत टक्कन बसली, ते मला पण कळलं. डावीकडचा वरचा पण झाला. खालचा मात्र गंजाने आर्ममध्ये असा रुतलाय की हातोडी मारून मारून यांच्या खांद्यातून कळा यायला लागल्या. शेवटी आख्खा आर्म सोडवला. उद्या उधन्याला यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर दाबून काढायला न्यायचा.

येताना बसमध्ये आर्म यांच्या मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कंडक्टरने विचारलं काय आहे. हे म्हणाले, मुलाची गाडी.

मुलाची म्हणाले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
प्रेसवर जॉइंट निघाला. एवढा मोठा आवाज झाला की हे पण दचकले. नवा घातला. तो मात्र जवळजवळ हातानेच आत गेला. मला वाटलं, बरं झालं. यांचा चेहरा पडला.

नि.ला फोन लावला. तो म्हणाला, काही नाही, क्लिप लावल्यावर धरून ठेवेल, उद्या बसवून टाका, दिवाळी हातची जाईल. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, क्लिप वरून धरेल, पण जॉइंट भोकात फिरत राहील. भोकच मोठं झालंय. आर्म नवा लागेल.

नि. म्हणाला, पप्पांना म्हण एवढा विचार करू नका. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, तूच बघ. फोन आर्मजवळ धरला. यांनी दोन बोटांनी जॉइंट फिरवून दाखवला. फिरला. जरासाच, पण फिरला.

नि.ने परत एकदा फिरवायला लावला. मग म्हणाला, "पप्पा बरोबर बोलतायत. नका बसवू. आई बसणार आहे त्यावर."

हे मी यांना शब्दन् शब्द सांगितलं, मोठ्याने. वर्कशॉपवाला हसला. हे हसले नाहीत. आर्म परत वर्तमानपत्रात गुंडाळला, कोपरे नीट दुमडून.

दुकानात गेलो. आर्म मागवावा लागेल, आणि आता दिवाळी. दिवाळीनंतर लाभपाचमेला दुकान उघडेल तेव्हा. म्हणजे सगळा आठवडा गेला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
वाईट वाटतंय. लिहीत नाही.
चकल्या तेलात विरघळल्या. मोहन जास्त.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी
गल्ली सुनसान. मोजकेच दिवे. शेजारच्या वहिनी गावाला, त्यांच्या दारातही मीच रांगोळी काढली, दोन रेघांची.

पूजा झाल्यावर नि.चा फोन. त्याच्या खोलीत चार-पाच मुलं, कुणीतरी शिरा केलेला. दाखवला. मी फोन यांना दिला. मला वाटलं आता, घे, आईशी बोल. पण यांनी उजव्या, जरा बऱ्या कानाला धरला आणि विचारलं, तिकडे तुला पाने कुठले देतात. नि. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मग कॉम्प्रेसरचं काहीतरी. मग यांनी मिलचं सांगितलं, कुठलं मशीन बंद पडलं, कोण सुपरवायझर झाला. मी करंज्यांची ताटली घेऊन उभीच.

मग मध्येच, कशावरून ते कळलं नाही, हे म्हणाले, "तू गया ते बरं व्हयनं. तठली गरमी आते माले बी सहन व्हत नही."

बॉयलरची गरमी म्हणायचं होतं यांना. मग नि. काहीतरी बोलला. यांना ऐकू आलं नसावं, कारण हे हो हो म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. मी कानाला लावला तर नि. रडत होता. रडत नव्हता, नाक ओढत होता. मी विचारलं पप्पांना काय म्हणालास. म्हणाला, काही नाही, जाऊ दे.

मी पण जाऊ दिलं. करंजी खाल्ली का विचारलं. मस्कतला कुठली करंजी. वेडी मी.

२२ ऑक्टोबर, बुधवार
गुजराती नवं वर्ष. रमिलाबेनला भेटायला डुमसला गेले. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्यांच्या गाड्या पळतायत. तिने विचारलं, "तमारी गाडी क्यारे चालशे?" सांगितलं पाचमेनंतर. मग तिच्या गाड्यावर उभी राहून भजी कागदात बांधून दिली दिवसभर. ओळखीच्या दोन-तीन बायका येऊन म्हणाल्या, मासी, आज नाही? दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसल्या नाहीत त्या. घोड्यावर बसल्या. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
भावाचा फोन. एटीव्ही चालवतेस म्हणे, या वयात. मी म्हटलं चालवत नाहीये सध्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार
आर्म आला. यांची मिल अजून सुरू नाही, कामगारच परतले नाहीत. आणायला हेच गेले. दुकानदाराशी भांडून एकदा बदलूनही आणला, कारण पहिल्याला रंगाखाली ओरखडा होता. मी म्हटलं ओरखड्याने काय होतं. तर म्हणाले, खारं पाणी तिथूनच शिरतं.

विकायचं म्हणणारा माणूस हा.

२९ ऑक्टोबर, बुधवार
झालं. प्रेसवर जॉइंट नव्या आर्ममध्ये बसवून आणला. या वेळी दाबाला घट्ट गेला, यांनी बोटांनी फिरवून बघितला, हलला नाही. डुमसला नेऊन चढवला. नट मी आवळले. यांनी शेवटी हात लावून बघितलं आणि सगळे थोडे थोडे आणखी आवळले, मला बरं वाटावं म्हणून अगदी थोडंच. नवी पिन घातली, टोकं वळवली.

जॅकवरच चाक वरून-खालून धरलं. यांनी, मग मी. काही नाही. दगड धरल्यासारखं.

मी किनाऱ्यावर नेली. एकटीच. आधी सावकाश, मग खडकाळ पट्ट्यावर. टक् नाही. हँडल सोडून बघितलं क्षणभर, सरळ. वळण घेताना त्या मुलीची आठवण झाली. मग तेच वळण परत घेतलं. आणि परत.

परत आले तर हे ओल्या वाळूत वाकून चाकांचे ठसे बघत होते, पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत दुमडून. काय बघताय विचारलं. सरळ आहेत, म्हणाले. मग, "भलती पळाडस तू." खूप पळवतेस. रागावून नाही म्हणाले.

नि.ला व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवला, मग हार्ट, मग परत अंगठा.

२ नोव्हेंबर, रविवार
पहिला रविवार. गर्दी मध्यम. पाण्यात चाक घालायचं नाही म्हणजे नाही, असं आधीच सांगते आता गिऱ्हाइकाला. एक जण चिडून गेला. जाऊ दे.

एक म्हातारी बाई आली, नातवंडं ओढत होती तिला. बसायचं होतं, भीती वाटत होती. मी म्हटलं मावशी, मी आहे. बसली. घट्ट धरलं मला, पदर वाऱ्यावर. उतरल्यावर माझ्या गालाला हात लावला.

अंधार पडल्यावर गोड्या पाण्याने खालून धुतली. यांनी नवं काढलंय हे. दर रविवारी धुवायची, रबरं तपासायची. माझ्याकडून कबूल करून घेतलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
नि.चा फोन. कंपनी आणखी दोन वर्षांची सही मागतेय. करायची की परत यायचं, ठरवायला थोडे दिवस आहेत. म्हणाला, पप्पांशी बोललो. मी चकित. केव्हा? परवा, तू बाजारात होतीस तेव्हा. पप्पा म्हणाले, तुझं तू ठरव, आलास तर आम्हाला बरंच वाटेल.

मला काही बोलले नाहीत हे. विचारलं तर म्हणाले, अरे, सांगायचं राहिलं. राहिलं म्हणे.

यावा ना. दोन वर्षं डोळ्यांनी नीट बघितला नाही, व्हिडिओत गाल बसलेले दिसतात. आज सकाळपासून त्याची खाट कुठे लावायची तेच डोक्यात.

फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "मी आलो तर गाडी कोण चालवणार, आई?"

हसत विचारलं, पण विचारलं. मी म्हटलं, आधी ये तर खरं. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की उत्तर मी दिलंच नाही. गाडी त्याची. त्याने घेतली, त्याने शिकवली पण नाही मला, मीच शिकले. तो आला तर त्याने चालवायलाच पाहिजे, दुसरं काय करेल इथे. आणि मी परत घरी, मांडीवर साडी, बोटाला फेव्हिकॉल.

यांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, मुलगा येतोय आणि तुला गाडीचं पडलंय. पण हे म्हणाले, उजवीकडचे पण आर्म एकदा बघायला हवेत, तू भलती पळवतेस.

हे काय उत्तर झालं? उद्या रविवार आहे. गाडीवर घालायची टोपी धुवायला टाकली होती, वाळली का बघते.